पहिला बग ग्रेस हॉपरने शोधलाच नव्हता, पण कॉम्प्युटरला इंग्रजी वाचायला लावणारी बाई तीच

सप्टेंबर महिना आला की सोशल मीडियावर एक फोटो हमखास फिरायला लागतो. जुन्या वहीचं पिवळट पान, त्यावर हाताने लिहिलेल्या नोंदी आणि खाली चिकटपट्टीने चिकटवलेलं एक मेलेलं पाखरू. कॅप्शन ठरलेलं असतं. ग्रेस हॉपर नावाच्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये जगातला पहिला बग शोधला आणि तिथूनच बग हा शब्द आला.

फोटो खरा आहे, पाखरूही खरं आहे. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्ड विद्यापीठातल्या मार्क टू या मशीनच्या ७० नंबरच्या रिलेत ते अडकलं होतं. ती वही आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण पाखरू काढणारे हात हॉपरबाईंचे नव्हते, मशीन चालवणाऱ्या त्यांच्या सहकाऱ्यांचे होते. बाईंनी तो किस्सा पुढची कित्येक वर्षं इतका रंगवून सांगितला की ऐकणाऱ्यांनी तो त्यांच्याच नावावर जमा केला.

आणि बग हा शब्द? तो तर एडिसनने १८७८ मध्येच आपल्या पत्रात वापरलाय. मशीनमधल्या न सापडणाऱ्या बिघाडाला इंजिनिअर मंडळी आधीपासून बगच म्हणायची. म्हणून तर खराखुरा किडा सापडल्यावर त्यांना हसू आलं आणि त्यांनी तो वहीत चिकटवून ठेवला.

आता याच्या उलट एक गोष्ट. त्याच हार्वर्डच्या लॅबमधून १९४६ मध्ये ५६१ पानांचं एक जाडजूड पुस्तक बाहेर पडलं. कॉम्प्युटर कसा चालवायचा हे सांगणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या मॅन्युअलपैकी हे एक. त्यातला मोठा भाग हॉपरबाईंनी लिहिला. मुखपृष्ठावर मात्र लेखक म्हणून लॅबच्या स्टाफचं नाव आहे. त्याचा फोटो कोणी फॉरवर्ड करत नाही.

खरं तर बाईंचं सगळं आयुष्य त्या पुस्तकापासूनच समजून घ्यायला पाहिजे. पण त्याआधी थोडं मागे जाऊ.

ग्रेस ब्रूस्टर मरे हिचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. वडील इन्शुरन्सच्या धंद्यात, आजोबा सिव्हिल इंजिनिअर. आईला गणिताची भारी आवड, पण त्या काळात मुलींनी गणित शिकायचं म्हणजे घरखर्चाच्या हिशोबापुरतं. सात वर्षांची असताना ग्रेसला प्रश्न पडला की गजराचं घड्याळ वाजतं कसं. तिने एक उघडलं. परत जोडता येईना म्हणून दुसरं उघडलं. असं करत घरातल्या सात घड्याळांचा निकाल लागला, तेव्हा कुठे आईला पत्ता लागला. शिक्षा काय, तर इथून पुढे एकच घड्याळ खोलायचं.

वडिलांचे दोन्ही पाय आजारपणामुळे कापावे लागले होते. आपल्यामागे मुलींना स्वतःच्या पायावर उभं राहता आलं पाहिजे, हे त्यांनी मनावर घेतलं होतं. त्यामुळे मुलाला जे शिक्षण, तेच मुलींना. ग्रेस १६ व्या वर्षी व्हॅसार कॉलेजच्या परीक्षेत लॅटिनमध्ये नापास झाली, वर्षभर थांबली आणि १९२४ मध्ये गेलीच. पुढे येल विद्यापीठातून १९३० मध्ये मास्टर्स आणि १९३४ मध्ये गणितात पीएचडी. मधल्या काळात व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं, आडनाव बदललं आणि व्हॅसारमध्येच गणित शिकवायची नोकरी लागली.

इथे एक छोटी गोष्ट घडली, जी पुढच्या सगळ्याची किल्ली आहे.

हॉपरबाई संभाव्यतेचा, म्हणजे प्रोबॅबिलिटीचा वर्ग घ्यायच्या. पहिल्याच तासाला त्या आपल्या आवडीचं एक सूत्र फळ्यावर समजावून सांगायच्या आणि मग मुलींना त्या सूत्रावर निबंध लिहायला लावायच्या. निबंध तपासताना गणित तर बघायच्याच, शिवाय वाक्यं नीट आहेत का, वाचणाऱ्याला कळतंय का, यावरही लाल शाई चालायची. मुली वैतागायच्या. आम्ही गणिताच्या वर्गात आलोय, इंग्रजीच्या नाही, अशी तक्रार असायची. बाईंचं म्हणणं साधं होतं. जे तुम्हाला दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही, ते गणित शिकून उपयोग काय?

मग दुसरं महायुद्ध आलं. पणजोबा नौदलात ॲडमिरल होते, त्यामुळे बाईंनाही नौदलातच जायचं होतं. पण वय जास्त, वजन कमी. नियमात बसायला आणखी १५ पौंड, म्हणजे सात किलोच्या आसपास वजन हवं होतं. त्यात गणिताचे प्राध्यापक युद्धकाळात कॉलेजात राहिलेलेच बरे, असं सरकारचं मत. बाई हटल्या नाहीत. वजनाची खास सवलत मिळवली, कॉलेजकडून सुट्टी मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये भरती झाल्या. आपल्याहून निम्म्या वयाच्या पोरींबरोबर कवायत करून त्या तुकडीत पहिल्या आल्या. नवऱ्यापासून तोवर त्या वेगळ्या राहू लागल्या होत्या, १९४५ मध्ये घटस्फोट झाला. हॉपर हे आडनाव मात्र त्यांनी कायम ठेवलं.

२ जुलै १९४४ ला लेफ्टनंट ग्रेस हॉपर हार्वर्डला हजर झाल्या. समोर होता मार्क वन. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन जवळजवळ पाच टन, आत ५३० मैल वायर. आणि वेग किती, तर सेकंदाला तीन बेरजा. गुणाकाराला सहा सेकंद, भागाकाराला पंधरा. आज हसू येईल, पण त्या काळात तोफांचे तक्ते हाताने मांडणाऱ्यांसाठी हा चमत्कारच होता.

या लॅबचे प्रमुख होते हॉवर्ड एकेन. माणूस हुशार आणि तितकाच कडक. आल्या आल्या त्यांनी बाईंना उशीर का झाला म्हणून झापलं आणि आठवडाभरात एक अवघड गणित मशीनवर सोडवून आणायला सांगितलं. ते मशीन बाई आयुष्यात पहिल्यांदा बघत होत्या. आधीच्या तरुण अधिकाऱ्यांनी तर एक म्हातारी मास्तरीण येणार म्हणून तिच्या शेजारच्या टेबलावर कोणी बसायचं यावरून आपसात सौदेबाजी केली होती. बाईंचं वय तेव्हा ३७.

मार्क वनला सूचना द्यायच्या म्हणजे कागदाच्या लांब पट्टीवर भोकं पाडायची. एका ओळीत २४ भोकांची जागा, तिचे आठ-आठचे तीन भाग. आकडा कुठून घ्यायचा, कुठे ठेवायचा आणि त्याचं काय करायचं. एक भोक चुकलं की संपलं. आणि हे सगळं शिकायला पुस्तक? नव्हतं. मशीन बनवणाऱ्या आयबीएमच्या इंजिनिअर्सचे नकाशे होते आणि एकेनच्या डोक्यात जे होतं ते होतं.

काही महिन्यांतच एकेननी बाईंना सांगितलं की या मशीनचं पुस्तक तू लिहायचंस. बाई म्हणाल्या की मी आजवर पुस्तक लिहिलेलं नाही. त्यावर एकेननी आठवण करून दिली की तू आता नौदलात आहेस. विषय संपला.

दिवसभर मशीनचं काम आणि त्याच्या जोडीला लिखाण. रोज पाच पानं एकेनना वाचून दाखवायची. ऐकताना जिथे अडखळलं, तिथे परत लिहायचं. बाई एकेक सर्किट घेऊन बसायच्या, वीज कुठून येते, कुठे जाते, कोणता रिले कधी बंद होतो हे आधी स्वतः समजून घ्यायच्या आणि मग कागदावर उतरवायच्या. ज्याने हे मशीन कधी पाहिलंही नाही, त्याला पुस्तक उघडून ते चालवता यावं, हा हिशोब होता. आज प्रत्येक सॉफ्टवेअरसोबत डॉक्युमेंटेशन असतं (आणि ते कोणी वाचत नाही ते सोडा), पण तेव्हा असं काही लिहायचं तर समोर नमुनासुद्धा नव्हता.

पुस्तकाची सुरुवात त्यांनी इतिहासापासून केली. पास्कल, लायब्निझ आणि मग चार्ल्स बॅबेज. शंभर वर्षांपूर्वी बॅबेजला जे मशीन बांधायचं होतं आणि जमलं नाही, त्याचा वारसा मार्क वनकडे आला, अशी मांडणी. एकेनना ती आवडणारच होती, कारण मशीनचं श्रेय कोणाचं यावरून त्यांचं आयबीएमशी जोरात वाजलं होतं. योगायोग बघा, बॅबेजच्या मशीनबद्दल आज जग जे वाचतं तेही एका बाईनेच लिहिलेल्या टिपा आहेत. एडा लव्हलेसने १८४३ मध्ये एका भाषांतराला जोडलेल्या.

युद्ध संपलं. व्हॅसारने बाईंना पूर्ण प्राध्यापकपद देऊ केलं, ते त्यांनी नाकारलं. मशीन सोडवेना. त्या तीन वर्षांच्या करारावर हार्वर्डमध्येच राहिल्या. पण करार १९४९ मध्ये संपला आणि हार्वर्डमध्ये बायकांना कायमच्या जागा देण्याची पद्धतच नव्हती. ज्या मशीनचं पुस्तक लिहिलं, त्या मशीनच्या लॅबमधून बाहेर पडायची वेळ आली.

हा काळ त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट काळ. एकेनच्या लॅबमध्ये दिवसरात्र काम, मोडलेलं लग्न, पुढचं काही खरं नाही. दारू वाढत गेली. नोव्हेंबर १९४९ मध्ये फिलाडेल्फियात दारूच्या नशेत गोंधळ घातला म्हणून पोलिसांनी त्यांना पकडलं. एडमंड बर्कली नावाच्या मित्राने मग त्यांना एक लांबलचक पत्र लिहिलं आणि त्यात काहीही झाकून ठेवलं नाही. पुढे त्यांच्यावर जी भाषणं झाली, जे सत्कार झाले, त्यात हा भाग कोणी घेत नाही. पण त्यानंतरच्या दोन वर्षांत त्यांनी जे उभं केलं, ते या खड्ड्यातून वर येता येता केलंय, हे माहीत असलेलं बरं.

फिलाडेल्फियात त्या एकर्ट-मॉकली कंपनीत रुजू झाल्या होत्या. ही कंपनी युनिव्हॅक हा धंद्यासाठी विकायचा कॉम्प्युटर बनवत होती. पुढे रेमिंग्टन रँडने ती विकत घेतली. त्याआधी तिथे बायनॅक नावाचं एक मशीन होतं, ते अष्टमान पद्धतीने चालायचं. म्हणजे ७ नंतर थेट १०. बाई त्यात इतक्या बुडाल्या की बँकेच्या पासबुकाशी त्यांचा हिशोब काही महिने जुळेना. शेवटी बँकेत काम करणाऱ्या भावाने बसून शोधलं. बाई चेकबुकातल्या काही वजाबाक्या अष्टमान पद्धतीने करत होत्या!

किस्सा मजेशीर आहे, पण बाईंनी त्यातून काढलेला अर्थ गंभीर होता. माणसाने मशीनसारखा विचार करायला लागणं हे काही बरोबर नाही. मशीननेच माणसाकडे चार पावलं यावं.

दुसरी अडचण रोजची होती. प्रोग्रॅम लिहिताना काही गणितं पुन्हा पुन्हा लागतात. मुळाकडे जा, साइन काढ, घातांक काढ. असे तयार तुकडे, म्हणजे सबरुटीन, प्रत्येक जण आपल्या वहीत लिहून ठेवायचा. दुसऱ्याला लागलं की वही उसनी घ्यायची आणि तुकडा आपल्या प्रोग्रॅममध्ये हाताने उतरवायचा. पण नुसतं उतरवून भागत नाही. तुकडा मेमरीत नव्या ठिकाणी बसणार, म्हणून त्यातला प्रत्येक पत्ता बेरीज करून बदलावा लागतो.

आणि बाईंच्या लक्षात आलं की प्रोग्रॅमर लोकांना दोन गोष्टी अजिबात येत नाहीत, एक म्हणजे बेरीज आणि दुसरी म्हणजे नक्कल. मोकळ्या जागेसाठी डेल्टाचं त्रिकोणी चिन्ह वापरायचे, उतरवताना त्याचा ४ व्हायचा. इंग्रजी बी अक्षराचा १३ व्हायचा. आणि मग चूक शोधत आठवडा जायचा.

गंमत अशी की बेरीज आणि नक्कल याच दोन गोष्टी मशीनला उत्तम येतात. मग हे काम मशीननेच का करू नये?

ऑक्टोबर १९५१ मध्ये बाई कामाला लागल्या आणि मे १९५२ पर्यंत ए-झीरो तयार झाला. सगळे सबरुटीन टेपवर ठेवायचे, प्रत्येकाला एक नंबर द्यायचा. माणसाने फक्त नंबर आणि क्रम लिहायचा. मशीन टेपवरून तुकडे काढणार, पत्ते बदलणार आणि अख्खा प्रोग्रॅम जोडून देणार. तुकडे जमवून एकत्र बांधायचे म्हणून नाव पडलं कंपायलर.

यात एक पेच होता. प्रोग्रॅम वरून खाली वाचत जाताना मध्येच सूचना यायची की पुढच्या अमुक ठिकाणी उडी मार. पण ते ठिकाण अजून तयारच झालेलं नाही, मग पत्ता काय लिहायचा? उत्तर सापडलं ते बास्केटबॉलमध्ये. कॉलेजात बाई जुन्या नियमांनी बास्केटबॉल खेळायच्या. बॉल एकदाच टप्पा मारता यायचा, म्हणून पुढे जायचं तर बॉल सहकारी मुलीकडे टाकायचा, आपण पुढे पळायचं आणि तो परत घ्यायचा. त्यांनी तसंच केलं. मेमरीच्या शेवटी एक कोपरा मोकळा ठेवला. पुढची उडी आली की निरोप त्या कोपऱ्यात टाकायचा आणि खरं ठिकाण आलं की तो तिथून उचलायचा. युनिव्हॅकच्या मेमरीत जागाच मुळात १००० शब्दांची, त्यात हा सगळा संसार!

आज कॉम्प्युटर शिकणारा कोणीही सांगेल की ए-झीरो म्हणजे आजच्या अर्थाने पूर्ण कंपायलर नव्हे, आपण ज्याला लिंकर आणि लोडर म्हणतो त्याच्या तो जास्त जवळचा आहे. बरोबर आहे. इंग्लंडमध्ये ॲलिक ग्लेनी यांनीही १९५२ मध्येच ऑटोकोड बनवला होता. आणि मशीनकडून प्रोग्रॅम लिहून घेता येतो हे बाईंनी स्वतः पाहिलं ते बेटी होल्बर्टन या सहकारी बाईंच्या कामात, त्यांनी फायली लावणारा प्रोग्रॅम आपोआप तयार करून दाखवला होता. हॉपरबाई हे श्रेय उघडपणे द्यायच्या. पहिला कोण हा वाद मिटणारा नाही.

पण त्यापुढे जे झालं ते जास्त बोलकं आहे. चालू असलेला कंपायलर समोर असूनही त्याला कोणी हात लावेना. कॉम्प्युटर फक्त हिशोब करतो, प्रोग्रॅम लिहिणं त्याचं काम नाही, असं लोक तोंडावर सांगायचे. यात नुसता अविश्वास नव्हता, थोडी भीतीही होती. पोथी पुजाऱ्यालाच वाचता यावी, तशी मशीनची भाषा मूठभर लोकांनाच यायची. ती सगळ्यांना यायला लागली तर त्यांचा मान कुठे राहणार? बाईंनी यावर व्याख्यानं दिली, लेख लिहिले आणि पुढचा ए-टू हा कंपायलर तर सोर्स कोडसकट ग्राहकांना दिला आणि सुधारणा सुचवा म्हणून सांगितलं. ओपन सोर्स हा शब्द जन्माला यायला तेव्हा चाळीसेक वर्षं बाकी होती.

मग बाईंनी त्याहून मोठी उडी मारली. गणितवाल्यांना चिन्हं आवडतात. पण पगार, माल, इन्शुरन्स बघणाऱ्या माणसांना चिन्हं दाखवली की त्यांचे चेहरे पडतात, हे त्यांनी पाहिलं होतं. अशा माणसाने मालाची फाइल वाच, हा नंबर त्या नंबरशी ताडून बघ, जास्त असेल तर अमुक कर, असं साध्या इंग्रजीत लिहावं आणि मशीनने ते समजून घ्यावं. कंपनीकडे त्यांनी पैसे मागितले. उत्तर आलं की कॉम्प्युटरला इंग्रजी कळत नाही.

बाईंनी छोटा नमुना करून साहेब लोकांना बोलावलं आणि इंग्रजी सूचनांवर प्रोग्रॅम चालवून दाखवला. मग जोश जोशमध्ये तोच प्रोग्रॅम फ्रेंचमध्ये आणि जर्मनमध्येही चालवून दाखवला. मशीनला काय, इंग्रजी काय आणि फ्रेंच काय, सगळे अक्षरांचे आकडेच. ही गोष्ट कळावी म्हणून केलेला तो खेळ होता.

झालं उलटंच. पेनसिल्व्हेनियात बनलेल्या अमेरिकन कॉम्प्युटरला फ्रेंच आणि जर्मन कळणं शक्यच नाही, असा साहेबांचा सूर लागला. आम्ही फक्त इंग्रजीच चालवू, असं वचन देऊन बाईंना वेळ मारून न्यावी लागली आणि पुढचे कित्येक महिने समजूत घालण्यात गेले. पण काम झालं. त्यातून फ्लो-मॅटिक ही भाषा तयार झाली आणि १९५८ पर्यंत ती युनिव्हॅकच्या ग्राहकांच्या हातात होती.

त्याच सुमाराला वेगळंच दुखणं वाढत चाललं होतं. प्रत्येक कंपनीच्या मशीनची भाषा वेगळी. मशीन बदललं की सगळे प्रोग्रॅम पहिल्यापासून लिहा. बरोज कंपनीच्या मेरी हॉज यांनी सगळ्यांची मिळून एक भाषा असावी अशी कल्पना मांडली. हॉपरबाईंनी आपलं वजन तिच्यामागे लावलं, अमेरिकेच्या संरक्षण खात्यातले चार्ल्स फिलिप्स पुढे आले आणि मे १९५९ च्या अखेरीस पेंटागॉनमध्ये बैठक बसली. त्यातून आलेली भाषा म्हणजे कोबोल.

इथेही एक दुरुस्ती करायला पाहिजे. हॉपरबाईंना सगळीकडे कोबोलची आई म्हणतात. पण भाषा प्रत्यक्ष लिहिणाऱ्या समितीत त्या नव्हत्याच, सल्लागार होत्या. समितीत काम करणाऱ्या जीन सॅमेट यांना ही उपाधी शेवटपर्यंत खटकत राहिली आणि त्यांचं खटकणं रास्त आहे. पण समितीपुढे प्रत्यक्ष चालणारी, धंद्याच्या कामाला लावलेली इंग्रजी भाषा म्हणून होती ती फ्लो-मॅटिक, आणि कोबोलचा सांगाडा बराचसा तिच्यावरच उभा राहिला. म्हणजे आई म्हणण्यापेक्षा आजी म्हटलं तर भांडण मिटेल.

समितीचं काम इतकं रखडलं की आरसीए कंपनीच्या हॉवर्ड ब्रॉम्बर्ग यांनी वैतागून एक संगमरवरी थडग्याचा दगड विकत घेतला, त्यावर कोबोल असं कोरलं आणि फिलिप्स यांना पाठवून दिला. पण डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम आरसीए आणि रेमिंग्टन रँड या दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालला. कोबोल नसलेलं मशीन आम्ही घेणार नाही, अशी भूमिका संरक्षण खात्याने घेतली आणि मग कोणाचं काही चाललं नाही.

टीका भरपूर झाली. डाइक्स्ट्रासारख्या मोठ्या कॉम्प्युटर शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये लिहिलं की कोबोल वापरल्याने डोकं निकामी होतं, म्हणून ती शिकवणं हा गुन्हाच ठरवला पाहिजे. भाषा पाल्हाळीक आहे हे खरंच आहे. जे दुसरीकडे एका ओळीत होतं, त्याला इथे पाच लागतात. पण ती रचनाच अशी ठेवली होती की लिहिणारा निघून गेल्यावरही दुसऱ्याला वाचता यावी.

१९६६ च्या अखेरीस, वयाच्या साठीला नौदलाने बाईंना निवृत्त केलं. कमांडर म्हणून. त्या दिवशी त्यांना फार वाईट वाटलं. सात महिन्यांत नौदलानेच परत बोलावलं, कारण प्रत्येक जहाजावर, प्रत्येक गोदीत कोबोलची वेगळीच बोली तयार झाली होती आणि कोणाचं कोणाला कळत नव्हतं. काम सहा महिन्यांचं ठरलं होतं. ते १९ वर्षं चाललं.

पेंटागॉनमधल्या त्यांच्या ऑफिसात उलटं फिरणारं घड्याळ आणि समुद्री चाच्यांचा कवटीवाला झेंडा होता. त्यांच्या टीमने एकेका कंपनीचा कंपायलर तपासायच्या चाचण्या लिहिल्या. कोबोल म्हणून विकताय ना, मग या परीक्षेत पास होऊन दाखवा. कंटाळवाणं काम. पण आपला प्रोग्रॅम एका मशीनवरून दुसऱ्यावर नेता येतो तो अशाच कंटाळवाण्या कामामुळे.

आणि समजावून सांगायची जुनी खोड होतीच. उपग्रहाने निरोप जायला इतका वेळ का लागतो, असं ॲडमिरल मंडळी विचारायची. बाई पर्समधून तीस सेंटिमीटर लांबीची वायर काढायच्या आणि हातात द्यायच्या. हे घ्या नॅनोसेकंद, एवढ्या वेळात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर जाऊ शकते. आता उपग्रहापर्यंत असे किती तुकडे लागतील ते मोजा. मायक्रोसेकंदासाठी त्या ९८४ फुटांचं वेटोळं घेऊन यायच्या. प्रोग्रॅमरने वेळ वाया घालवताना ते गळ्यात अडकवून बसावं, असा त्यांचा सल्ला होता.

१४ ऑगस्ट १९८६ ला बोस्टनच्या बंदरात, यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर रिअर ॲडमिरल ग्रेस हॉपर दुसऱ्यांदा निवृत्त झाल्या. वय ७९. पुढे घरी बसल्या असतील तर नाही, डिजिटल इक्विपमेंट कंपनीत सल्लागार म्हणून लागल्या.

त्यांची एक इच्छा त्या बऱ्याचदा बोलून दाखवायच्या. ३१ डिसेंबर १९९९ ची रात्र बघायची. एक तर ती पार्टी जोरदार होणार. आणि दुसरं म्हणजे, कॉम्प्युटरला हे जमणार नाही आणि ते जमणार नाही असं म्हणणाऱ्या सगळ्यांना मागे वळून सांगता येईल की बघा, आम्ही सांगत होतो.

ते जमलं नाही. १ जानेवारी १९९२ ला, वयाच्या ८५ व्या वर्षी त्या गेल्या. अर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत लष्करी मानाने त्यांना निरोप देण्यात आला. नंतर यूएसएस हॉपर ही युद्धनौका आली, २०१६ मध्ये अमेरिकेचं प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं आणि २०१७ मध्ये येल विद्यापीठाने एका कॉलेजला त्यांचं नाव दिलं. त्यांचं ते ५६१ पानी मॅन्युअल १९८५ मध्येच एमआयटी प्रेसने पुन्हा छापलं होतं.

आणि ती ३१ डिसेंबरची रात्र? जुन्या प्रोग्रॅममध्ये जागा वाचवायला वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले, त्यामुळे २००० उजाडताच मशीन १९०० समजेल, ही धास्ती जगभर होती. यातले ढीगभर प्रोग्रॅम कोबोलमधले होते आणि ते दुरुस्त करायचं मोठं काम भारतात आलं होतं. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांमध्ये कितीतरी पोरापोरींनी नोकरीच्या पहिल्या दिवसांत हेच केलं. भलत्या देशात, आपल्या जन्माच्या आधी कोणीतरी लिहिलेला कोड उघडायचा, ओळ ओळ वाचत जायची आणि दोनाचे चार आकडे करायचे. बाईंना जी पार्टी बघायची होती, त्या रात्री त्यातले बरेच जण पार्टीला गेलेच नाहीत. ऑफिसातच स्क्रीनसमोर बसून बारा वाजायची वाट बघत होते.